तुझाच नियम, वसू

वसू,

लोक येतात, तुझ्या फोटोसमोर हात जोडतात, डोळे पुसतात आणि जातात. मला ते जमत नाही. त्या फोटोत तू इतकी गुपचूप बसलीयस की मला रागच येतो. एवढी गप्प तू आयुष्यात कधी बसलीस का गं? मला तुझ्याशी भांडायचंय. तू गेलीस मंगळवारी, सकाळचा चहा गाळताना छातीत कळ आली आणि दुपारी सगळं आटोपलं. पण जाताना तुझ्या घरी राहणाऱ्या त्या इटलीच्या मार्ताला माझ्या गळ्यात टाकून गेलीस, त्याबद्दल भांडायचंय.

काल शनिवारी तुमच्या संस्थेच्या दिल्लीच्या ऑफिसातून फोन आला. तुझ्या जागी आता मी आहे असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. ‘मॅडम, बहुत अफसोस हुआ,’ वगैरे झालं आणि मग मुद्द्यावर आले. ज्या घरात बाई नाही त्या घरात मुलगी ठेवायची नाही. तुझ्या नणंदबाई आहेत तोवर ठीक, पण त्या रविवारी पानिपतला परतणार. तेव्हा रविवारी मार्ताला त्या घरातून हलवा आणि तुमच्या घरी न्या. मी म्हटलं, अहो, त्या पोरीची अवस्था काय आहे माहितेय का तुम्हाला? तर तो मला म्हणतो, ‘मॅडम, ये रूल तो वसुधाजी ने ही बनवाया था.’ मी फोन ठेवून दिला. दुसरं काय करणार?

परवा एका बाईने मला विचारलं, तुमची मैत्रीण नेमकं काय काम करायची? मी म्हटलं, हमाली. परदेशातली सोळा-सतरा वर्षांची पोरं वर्षभरासाठी इथे शिकायला येतात, आपली तिकडे जातात. ती हॉटेलात राहत नाहीत, होस्टेलमध्ये राहत नाहीत, कुणाच्या तरी घरात राहतात. ती घरं शोधायची, त्यांना तयार करायचं, पोरं रुसली की समजवायचं, आजारी पडली की दवाखान्यात न्यायचं, पोलिसांकडे नोंदणीला रांगेत उभं राहायचं. आणि यातून काय मिळायचं? काही नाही. पगार नाही, भाडं नाही, वर रिक्षाचे पैसे आपलेच. ती बाई म्हणाली, ‘अच्छा, समाजसेवा.’ मला हसूच आलं. तू हा शब्द ऐकला असतास तर कपाळाला हात लावला असतास.

मी तर पहिल्यापासून तुला बोलत आले. मंडळाच्या हळदीकुंकवाला तू मला गाठलंस, फरीदाबादच्या आपल्या सेक्टरात तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते, संध्याकाळी सात वाजले की वीज जायची आणि कारखान्याचा भोंगा तेवढा ऐकू यायचा. तू म्हणालीस, ‘कुंदे, तुझ्याकडे वरची खोली रिकामी आहे. एक मुलगी ठेवतेस का, जर्मनीची?’ जसं काही बरणीभर लोणचंच ठेवायला देत होतीस. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘बिल्कुल नाही.’ आणि पुढच्या महिन्यात ती मुलगी आमच्या गच्चीत ओले केस वाळवत बसली होती. तू कुणाचं ‘नाही’ ऐकून घेतलंयस कधी?

त्या पहिल्या मुलीच्या वेळचा माझा गाढवपणा तू गावभर सांगायचीस, आज मीच सांगते. भारतातलं जेवण म्हणून मी तिला रोज पनीर, छोले, राजमा, नान. शेजारच्या पंजाबणीकडून शिकून आले होते सगळं. घरात हिंदी बोलायचं अशी सक्त ताकीद दिली होती सगळ्यांना, कारण पाहुणी भारतात आलीय, मराठीत बोलून तिचा काय फायदा? आठवड्याने ह्यांनी हात जोडले, ‘बाई, मला वरणभात दे.’ नेमकी त्याच वेळी तू न सांगता आलीस. तुझी ती सवय, जेवायच्या वेळी घरात शिरायचं आणि पाणी मागायचं. मी उठणार तेवढ्यात तू मला दाबून बसवलंस आणि त्या मुलीला म्हणालीस, ‘तू आण.’ तिला माठ कुठे आहे तेच माहीत नव्हतं. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ताटाकडे पाहिलंस आणि पदरात तोंड घालून हसत सुटलीस. ‘अगं, ही मुलगी साताऱ्याच्या बाईकडे राहायला आलीय. हिला तू ढाब्यावर का ठेवलंयस?’ त्या रात्री मी पिठलं केलं. तिने भांडं चाटून पुसून खाल्लं आणि मला रडू आलं, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं या गावात राहून मी माझंच घर बाहेरच्यांपासून लपवत होते, हे मला ती पोर जेवत असताना कळलं.

मग तू मला सोडलं नाहीस. घरं शोधायला मला घेऊन फिरलीस. ते दिवसच तसे होते. परदेशी कंपन्या आल्या होत्या, गुडगावात सरसोंच्या शेतातून काचेच्या इमारती उगवत होत्या, ज्याच्या त्याच्या दारात नवी गाडी. लोक तुला म्हणायचे, ‘गोरी मुलगी मिळेल ना?’ कुणी म्हणायचं, आमच्या मुलाला तिकडे बोलावेल का? त्या गुडगावच्या बाईने तर आधी ड्रॉइंग रूम दाखवली, मग बाथरूममधल्या फरशा दाखवल्या, मुलगी कुठे झोपणार ते काही दाखवेना. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, ‘आपका घर बहुत सुंदर है, इसमें बच्चा मत रखिए.’ बाहेर आल्यावर मी तुला म्हटलं, अगं असं बोलतात का? तू म्हणालीस, ‘मग काय करू, फरशांना मुलगी देऊ?’ बस मिळेना म्हणून आपण हायवेपर्यंत चालत गेलो, धुळीने दोघींच्या साड्यांचा रंग एक झाला होता. हसून हसून माझं पोट दुखत होतं.

मला काय मिळालं, ते मी तुला कधी तोंडाने सांगितलं नाही. तू विचारायचीस आणि मी म्हणायचे, फुकटची हमाली, दुसरं काय. आता ऐक. लग्न होऊन इथे आले तेव्हा भाजीवाल्याशी हिंदी बोलतानाही माझी जीभ अडखळायची. त्या पोरांसाठी मी पोलिसांशी भांडले, शाळेच्या प्रिन्सिपॉलशी भांडले, एकटी बसने दिल्लीला जाऊन सभेत इंग्रजीत बोलले, चुकीचं बोलले पण बोलले. माझी मुलगी जी आज मला तोंडावर ‘आई, हे बरोबर नाही’ म्हणते ना, ते ती त्या पोरींकडून शिकली आणि मला आधी राग आला, पण आता बरं वाटतं. आमच्या घरात कुणी कधी कुणाला ‘का’ विचारत नव्हतं. मीठ असंच का, देव इकडेच तोंड करून का, बायका मागून का जेवतात. ती पोरं येऊन विचारायला लागली आणि आम्हाला उत्तरं शोधावी लागली. काहींना उत्तर नव्हतंच, म्हणून ते बंद केलं. मी आता सगळ्यांच्या बरोबर जेवायला बसते, वसू. हे तुझ्यामुळे झालं.

पण एका गोष्टीवर आपलं जे वाजलं ते मिटलं नाही. ते नोएडाचे गृहस्थ आठवतात? त्यांच्याकडे जपानी मुलगी होती. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली आणि तू त्याच संध्याकाळी जाऊन मुलीला हलवलंस. देवमाणूस होता तो. फाटकात उभा होता, हातात तिचा दुसऱ्या दिवशीचा शाळेचा डबा. आधीच करून ठेवला होता बिचाऱ्याने. तो डबा तू घेतलास, ‘थँक यू’ म्हणालीस आणि रिक्षात बसलीस. मी तुला वाटेत नको नको ते बोलले. त्या माणसाचा तू अपमान केलास म्हटलं. तू म्हणालीस, ‘झाला असेल. पण तिकडे तिच्या आईला रात्री झोप लागली पाहिजे. ती काय त्यांना ओळखते?’ मी म्हटलं, आपण ओळखतो ना. तू म्हणालीस, ‘मी ओळखते म्हणून नियम मोडला, तर जिथे मी ओळखत नाही तिथे कुठल्या तोंडाने सांगू?’ आपण आठवडाभर बोललो नाही. मग तू एक दिवस गाजराचा हलवा घेऊन आलीस आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागलीस. तो विषय राहिला तो राहिलाच. ऑफिसला लिहून, मागे लागून तू तो नियम सगळीकडे लावलास.

आणि आता तोच नियम तुझ्या घरात मी लावायचा! भाऊजींसारख्या माणसाच्या घरात! मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारा माणूस तो.

मार्ताचं काय सांगू तुला. तुला काही झालं तेव्हा घरात तीच होती. तिनेच भाऊजींना कारखान्यात फोन केला, तीच माझ्याकडे अनवाणी धावत आली. त्या दिवसापासून ती तुझी ती मरून रंगाची शाल अंगावरून काढत नाही. थंडीही मरणाची पडलीय, सकाळी समोरचं घर दिसत नाही. अक्का पानिपतहून आल्या त्या मिलच्या ब्लँकेटांचं भलंमोठं गाठोडं घेऊनच, दुखवट्याला येणाऱ्यांना पांघरायला हवं म्हणून. तुझी नणंद कडक आहे, तू सांगायचीस ते काही खोटं नव्हे. आल्या आल्या सगळं हातात घेतलं. गव्हाच्या पिठावर दिवा, फोडणी बंद, तळण बंद, देव बंद, चटईवर बसायचं. आणि प्रत्येक गोष्ट का करायची ते मोठ्याने सांगायचं ही त्यांची सवय. भाऊजी शून्यात, तुझा लेक अमित पुण्याहून आलाय तो नुसता कोपऱ्यात बसून. ऐकत होतं कोण? मार्ता. ‘अक्का, का?’ म्हणून विचारायची. अक्कांनाही एवढं लक्ष देऊन ऐकणारं माणूस जन्मात भेटलं नसावं. दोन दिवसांत दोघींची गट्टी जमली. अक्का भाकरी थापायच्या आणि ही शेजारी उकिडवी बसून सगळं विचारून घ्यायची.

तरी अक्काच मला आत बोलावून म्हणाल्या, ‘कुंदाताई, पोर गुणाची आहे, पण परक्याची आहे. वयाची आहे. मी गेल्यावर घरात दोन पुरुष. लोक काय, हवेशीही बोलतात. तुम्ही घेऊन जा.’ त्यांचं काही चुकत नव्हतं. तू असतीस तर हेच म्हणाली असतीस, आणि त्यामुळेच माझा जीव जास्त जळत होता.

आज रविवारी सकाळी मी गेले. जाताना ठरवलं होतं, काही बोलायचं नाही, पोरीला घ्यायचं आणि निघायचं. जाऊन बघते तर भाऊजींनी स्वतःच तिची बॅग भरून हॉलमध्ये आणून ठेवलेली. पुरुषाने भरलेली बॅग ती, एका बाजूने फुगलेली, स्वेटरची बाही चेनमध्ये अडकलेली. मी म्हटलं, भाऊजी, मी ऑफिसशी बोलते, एवढ्यात नको. तर म्हणाले, ‘नको वहिनी. वसुधाचा नियम आहे. तिने दुसऱ्यांना लावला, मग तिच्या घराला नाही असं कसं?’ इतक्या दिवसांत ते एवढंच बोलले असतील. अमितने बॅग उचलली आणि दारापर्यंत नेली.

मार्ता चटईवरून उठलीच नाही.

मी म्हटलं, चल बाळा. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, ‘मावशी, मी येऊ शकत नाही. मला सुतक आहे.’

मला वाटलं, पोरीला शब्दाचा अर्थ कळला नाही. पण तिला सगळा कळला होता. म्हणाली, ‘अक्का म्हणाली, सुतक आहे तर दुसऱ्याच्या घरी जायचं नाही. तुमच्या घरात देव आहे. मी आले तर तुमचा देव पण बंद करायला लागेल.’ कसं समजावून सांगत होती मला, जसं काही मीच इटलीहून आलेय!

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ लागलेलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, ते घरच्यांना असतं. तुला कुणी सांगितलं तुला सुतक आहे?’

‘तुम्ही,’ मार्ता म्हणाली. ‘पहिल्या दिवशी सगळे काकूला सोडून घरी आले ना, तेव्हा बाहेरचे लोक पाणी न पिता गेले. तुम्ही म्हणालात, बाहेरच्यांनी इथे पाणी पण घ्यायचं नाही. आणि मला काकांच्या शेजारी बसवलंत. कडू घास मला दिलात. अमितला दिलात, काकांना दिलात, मग मला दिलात. तुमच्या हाताने.’

अक्कांचा चेहरा बघायला हवा होतास तू. त्या दिवशी रडून रडून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, समोर बसलेल्या प्रत्येक डोक्यापुढे हात गेला, तिच्याही पुढे गेला. लक्षातच आलं नाही कुणाच्या. पण ज्याने घरच्यांत बसून कडू घास खाल्ला त्याला आता बाहेरचा म्हणायचं कोणत्या तोंडाने? नियमाच्या बाबतीत त्याही तुझ्याच तोडीच्या आहेत. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी मान खाली घालून इतके रडले, इतके रडले की अमितने बॅग तिथेच टाकली आणि बापाला धरलं. तू गेल्यापासून त्यांच्या डोळ्यात टिपूस नव्हतं, वसू. आम्हाला सगळ्यांना त्याचीच धास्ती होती.

मग अक्कांनी हात धुतले, फोनपाशी गेल्या आणि पानिपतला घरी सांगितलं, ‘मी सुतक फिटेपर्यंत येत नाही. का म्हणजे? घरात पोर आहे.’ पलीकडून त्यांचे यजमान काहीतरी बोलत असावेत. ‘ते तुमचं तुम्ही बघा,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. ऑफिसला मी कळवलं की घरात बाई आहे, तुमचा रूल शाबूत आहे. तेराव्यानंतर मार्ता माझ्याकडे येईल. तिलाही ते मान्य आहे. तुझा नियम मी मोडला नाही, पण तुझ्या घरच्या माणसाला दुखवट्यातून उठवूनही नेलं नाही. आता बोल, काही चुकलं असेल तर.

मला वाटलं संपलं. मी निघणार तेवढ्यात इटलीहून फोन आला. दर रविवारी येतो तसा, मार्ताच्या आईचा. तिला तुझ्याबद्दल ऑफिसने कळवलं होतंच. मी चपला काढून परत आत आले, आता ही म्हणणार, मुलीला परत पाठवा, आणि तिचं तरी काय चुकलं असतं? मार्ता बराच वेळ बोलत होती. मधेच ‘सुतक’ हा शब्द ऐकू येत होता, बाकी काही कळत नव्हतं. मग ती थांबली, रिसीव्हरवर हात ठेवला आणि अक्कांकडे वळली.

‘अक्का, माझी आई विचारते, मला सुतक आहे तर तिला पण आहे का? तिने काय करायचं?’

अक्कांनी चष्मा सारखा केला आणि मनातल्या मनात नातं लावायला लागल्या, ओठ हलत होते त्यांचे. भावजय, भावजयीच्या घरची लेक, त्या लेकीची आई. शेवटी म्हणाल्या, ‘लांबच्यांना तीन दिवस पुरे. तळण करू नको म्हणावं. आणि कुणाकडे जेवायला जाऊ नको.’

मार्ताने ते तिच्या भाषेत सांगितलं. तिकडून पुन्हा काहीतरी विचारणं झालं.

‘ती विचारते, कधीपासून मोजायचं?’

असा प्रश्न अक्कांनाही आजवर कुणी केला नसावा. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच कशाचंही कारण न देता म्हणाल्या, ‘तिने विचारलं ना? मग आजपासून.’

वसू, इटलीतल्या कुठल्याशा गावात आजपासून तीन दिवस तुझं सुतक आहे.